भोंगा, माग आणि सूप : सोलापूरच्या यंत्रयुगाची प्रस्तावना

या पुस्तकाच्या कामासाठी सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत मी जाऊन बसलो, त्यांतल्या एका घरापासून सुरुवात करतो. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत उंबऱ्याजवळ, उजेडाच्या बाजूला, घरातली बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या फर्म्यावर धरायचं, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळून टोकं दुमडायची आणि दोरा बांधायचा. हे सगळं बोलता बोलता चाललेलं, हाताकडे तिचं लक्षही नव्हतं. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये यंत्रमागांची खटखट चालू होती. तिचा नवरा तिथं पाळीवर होता. कपाटावरची ट्रंक उघडून तिनं सासऱ्यांचा गिरणीतला बिल्ला काढला आणि पदरानं पुसून माझ्या हातात दिला. आतल्या खोलीत तिची मुलगी फोनवर कॉम्प्युटरचा कोर्स ऐकत होती. माझ्याशी त्या मराठीत बोलत होत्या, एकमेकींशी तेलुगूत.

शाळेच्या पुस्तकात औद्योगिक क्रांती पायरीपायरीनं येते. आधी हातकाम, मग यंत्र, मग कारखाना, मग संगणक. पुढची पायरी आली की मागची संपली. त्या घरात मात्र साऱ्या पायऱ्या एका छपराखाली नांदत होत्या, आणि एकीचा भार दुसरीवर होता. मागाची पाळी कमी झाली की घर हजारीवर चालायचं. हजारी म्हणजे हजार बिड्यांची मजुरी. मुलीच्या कोर्सची फी त्याच हजारीतून साठली होती.

यंत्रानं समाज बदलला हे आपण सहज बोलून जातो. सोलापुरात त्यापुढचा प्रश्न टाळता येत नाही. यंत्रानं जे श्रम वाचले, ते कुणाच्या पदरात पडले? आणि जे काम यंत्रानं एकाच्या हातून काढून घेतलं, ते करणाऱ्याच्या घरातली चूल कुणी पेटती ठेवली? हे पुस्तक या दोन प्रश्नांचं उत्तर शोधत दीडशे वर्षांतून चालत जातं. त्या वाटेची ओळख करून देणं एवढंच या प्रस्तावनेचं काम.

गिरणी येण्याच्या कितीतरी आधीपासून सोलापुरात माग होते. साळी, कोष्टी, मोमीन अशी विणकर घरं होतीच. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं येऊन वसली आणि विणकामाचा जम आणखी बसला. लुगडी, धोतरं, पासोड्या इथं विणल्या जात आणि आसपासच्या बाजारांत विकल्या जात. या धंद्याचं एक अंग आज जवळजवळ विसरलं गेलं आहे, ते म्हणजे सूतकताई. एका मागाला दिवसभर पुरेल इतकं सूत काढायला अनेक चरखे फिरावे लागत आणि ते फिरवणारे हात बहुतेक बायकांचे असत. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात सूत कातायची यंत्रं निघाली आणि त्यांचं सूत पुढच्या काही दशकांत आपल्या बाजारात उतरलं, तेव्हा पहिला घाव बसला तो या चरख्यांवर. विणकराला गिरणीचं सूत स्वस्त पडलं, एकसारखं मिळालं. त्याचा माग टिकला. त्याच्या घरातल्या, शेजारच्या, खेड्यातल्या बाईचं काम मात्र गेलं. यंत्रानं इथं सर्वांत आधी कुणाची जागा घेतली, याचं उत्तर म्हणूनच गिरणीच्या फाटकावर शोधून उपयोग नाही. ते चरख्यापाशी सापडतं, आणि हा धागा पुढे पुन्हा हाताशी येणार आहे.

मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ 1860 साली सोलापूरला पोहोचले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1863 मध्ये बोरघाटातला मार्ग खुला झाला आणि दख्खनचा कापूस घाट उतरून थेट मुंबई बंदरात जाऊ लागला. दोन-तीन वर्षांत, हजारो कोसांवरच्या एका युद्धामुळे, इथल्या शेतकऱ्याला आपल्या शेतातल्या बोंडाचा भाव परदेशात ठरतो हे कळलं. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, तेव्हा त्याच गोष्टीची दुसरी बाजूही कळली.

कापूस जवळ, रेल्वे दारात, विणकामाची परंपरा गावात. मुंबईचे भाटिया व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी हे हेरलं. 1874 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली आणि 1877 मध्ये गिरणी सुरू झाली. सोलापूरकर तिला पुढे जुनी मिल म्हणू लागले. या दोन तारखांच्या मध्ये तिसरी एक तारीख आहे, आणि ती कधी विसरू नये. 1876 ते 1878 ही दख्खनच्या भीषण दुष्काळाची वर्षं, आणि सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात होरपळून निघाला होता. पोट हातात घेऊन माणसं गावाबाहेर पडली होती. गिरणीचं फाटक उघडलं ते अशा वेळी. कामगार कुठून आला, याचं उत्तर भांडवल आणि यंत्र यांच्या हिशेबात सापडत नाही, ते पावसाच्या हिशेबात सापडतं. पुढच्या अनेक पिढ्या सोलापुरात हाच क्रम राहिला. पाऊस गेला की फाटकावर गर्दी वाढायची.

एकोणिसावं शतक संपता संपता आणि विसाव्याच्या पहिल्या दशकात लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. 1921 च्या जनगणनेपर्यंत शहराची वस्ती लाखाच्या पुढे गेली. गाव गिरणगाव झालं. त्याबरोबर वेळही बदलली. तोपर्यंत दिवस उजाडण्यावर आणि मावळण्यावर चालत होता. आता पहाटेच्या अंधारात भोंगा वाजायचा. त्याच्या आवाजावर चूल पेटायची, भाकरी थापल्या जायच्या, डबा भरला जायचा, आणि गिरणीत कुणीच नसलेल्या घरातलं पोरसुद्धा त्याच आवाजावर शाळेला उठायचं. माझ्या आजीला घड्याळ कळत नव्हतं. तिचे सगळे वेळेचे शब्द भोंग्याचे होते. ‘पहिल्या भोंग्याला पाणी भरलं’, ‘दुसऱ्या भोंग्याच्या आत येते’. गिरणी बंद झाल्यावरही ती काही वर्षं असंच बोलत राहिली.

गिरणीनं शब्दही दिले. पाळी, जॉबर, बदलीवाला, ताणाखातं, साचेवाला. यातला ‘बदलीवाला’ हा शब्द नीट ऐकावा. तो रोज सकाळी फाटकावर यायचा, कायम कामगार गैरहजर असला तर त्याला आत घ्यायचे, नाहीतर तो डबा तसाच घेऊन घरी परतायचा. वर्षानुवर्षं बदलीत काढलेली माणसं या शहरात आहेत. आज ‘गिग’ काम म्हणून ज्याची चर्चा चालते, त्याची सवय सोलापूरच्या घरांना शंभर वर्षांची आहे.

गिरणीच्या कामगारांत एक वर्ग असा होता की ज्याला फाटकाबाहेरही मोकळीक नव्हती. ब्रिटिशांनी ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटमध्ये ठेवलं. हजेरी देऊन तिथली माणसं गिरणीत कामाला जात आणि पुन्हा कुंपणात येत. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का मारणारा कायदा रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव आजही त्या वस्तीला चिकटून आहे. उद्योगामुळे माणूस जातीच्या आणि गावाच्या बेड्यांतून सुटतो, असं आपण शिकतो, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरंही झालं. पण गिरणीनं कुंपणातला स्वस्त हात विनातक्रार वापरला, हेही तितकंच खरं आहे.

मात्र एका छताखाली हजारो माणसं उभी केली की ती एकमेकांशी बोलायला लागतात. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 मध्ये रविवारची सुटी मिळवली. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारा कामगार एका साच्यापासून दुसऱ्या साच्यापर्यंत एकमेकांचा शब्द पोहोचवायला शिकला. 1930 च्या मे महिन्यात त्याचं फळ दिसलं. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गिरण्या रिकाम्या झाल्या, रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला लोक सत्याग्रह म्हणून शिंदीची झाडं तोडायला निघाले, 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतरचे काही दिवस शहरावर ब्रिटिश सत्तेचा अंमल उरला नव्हता. 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत चालला. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली गेली. ही चार नावं सोलापूरच्या रक्तात आहेत. ती एकत्र आली, कारण हे शहर गिरण्यांनी एकत्र आणलं होतं. कारखान्यानं माल काढला, तसा हा एकोपाही घडवला. तो मालकाच्या हिशेबात कुठंच नव्हता.

गिरण्यांच्या भोंग्याखाली हातमाग दबून मरेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तसं घडलं नाही, आणि का घडलं नाही हे या पुस्तकातलं माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचं प्रकरण आहे. पूर्व भागातल्या विणकरांनी यंत्राशी भांडण मांडलं नाही, पण यंत्रापुढे मानही तुकवली नाही. त्यांनी निवडलं. सूत गिरणीचं घेतलं. जॉन के या इंग्रजानं 1733 मध्ये काढलेली, दोरीच्या हिसक्यानं धोटा फेकण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मागाला जोडली. त्यानं एकाच माणसाचं कापड कितीतरी वाढलं. गिरणीला परवडणार नाही असा माल त्यांनी धरला. काठापदराची लुगडी तऱ्हेतऱ्हेची आणि थोडी थोडी लागतात, तिथं मोठ्या यंत्राचा फायदा संपतो. काही विणकर पुढे सरकले, पाच-दहा-पंचवीस माग एका शेडमध्ये मांडून कारखानदार झाले. बाकीचे त्यांच्याकडे मजुरीला लागले. एकाच जातीत, एकाच गल्लीत, कधी एकाच कुटुंबात मालक आणि मजूर अशी फाळणी झाली. मार्कंडेयाच्या रथोत्सवात नारळी पौर्णिमेला दोघं एकत्र रथ ओढतात आणि दुसऱ्या दिवशी मजुरीच्या दरावरून समोरासमोर बसतात.

स्वातंत्र्यानंतर हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि जेकार्ड बसलेल्या मागावरची सोलापुरी चादर देशभर पोहोचली. जेकार्ड पाहायचं असेल तर शेडमध्ये मान वर करून पाहावं लागतं. मागाच्या डोक्यावर एक चौकट असते आणि तिच्यावरून छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ सरकत असते. धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक पट्टी. छिद्र असेल तिथला आकडा उचलला जातो, त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर जातात. छिद्र नसेल तिथले खाली राहतात. मधून धोटा बाणा टाकून जातो. एवढंच. अशा शेकडो पट्ट्या सरकल्या की चादरीवर मोर उतरतो. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर, उलट्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. पट्टी चुकीच्या जागी ओवली तर मोराची मान तुटते. तो दोष दहा पावलांवरून ओळखणारे कारागीर अजून आहेत.

जोसेफ मारी जाकार यांनी फ्रान्समधल्या लिऑन शहरात 1804 च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केलं. तिथल्या रेशीम विणकरांनी आधी त्याचा रागराग केला, कारण नक्षीचे धागे ओढून देणाऱ्या पोरांचं काम त्यानं काढून घेतलं होतं. पुढे 1839 मध्ये सुमारे 24,000 पट्ट्या वापरून जाकार यांचंच चित्र रेशमात विणलं गेलं. त्याची एक प्रत इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी मिळवली होती, आणि आपल्या नियोजित गणनयंत्राला सूचना देण्यासाठी त्यांनी अशाच छिद्रांच्या पट्ट्या योजल्या. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रांच्या कार्डांवर माणसं मोजली. छिद्र आहे किंवा नाही, या दोन शब्दांच्या भाषेवर पुढचं संगणकाचं जग उभं राहिलं. पूर्व भागात अक्षरओळख नसलेला विणकर ती भाषा बोटांनी वाचत होता. त्याची नात आज ती पडद्यावर लिहिते. रोज सकाळी सोलापूरहून पुण्याला निघणाऱ्या गाडीत अशा कितीतरी नाती बसलेल्या असतात. त्या गाडीचं नाव हुतात्मा एक्सप्रेस, त्याच चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ.

गिरण्यांचा शेवट सांगताना मन जड होतं. जुनी मिल 1949 मध्ये बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. केंद्र सरकारनं जानेवारी 1950 मध्ये वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्याकडे घेतला. राज्यघटना लागू होऊन वर्ष व्हायच्या आत हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकाच कंपनीसाठी स्वतंत्र कायदा करता येतो का, हा प्रश्न होता. चरणजित लाल चौधरी या भागधारकाच्या खटल्यात 1950 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. कायद्याचे विद्यार्थी समतेच्या कलमावरचा हा निकाल आजही अभ्यासतात. तीन वर्षांनी द्वारकादास श्रीनिवास खटल्यात मात्र, मालमत्ता भरपाईवाचून घेतली म्हणून, तोच कायदा रद्द ठरला. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीला जी कारणं झाली, त्यांत हा निकाल होता. उद्योग कुणाचा, भागधारकाचा, कामगाराचा की समाजाचा, हा स्वतंत्र भारताचा वाद ज्या दाराशी उभा राहिला, ते दार सोलापूरच्या गिरणीचं होतं.

पुढच्या अर्ध्या शतकात एकेक भोंगा बंद होत गेला. जुनी यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा, कृत्रिम धागा, कर्ज, आणि गिरणीपेक्षा गिरणीच्या जमिनीला आलेली किंमत, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवून मांडायचा प्रयत्न पुढे केला आहे. घरात काय झालं, ते मात्र एका वाक्यात सांगता येतं. नवरा घरी बसला आणि बाईच्या मांडीवरचं सूप उतरेनासं झालं.

चरख्याचा धागा इथं पुन्हा हाताशी येतो. यंत्रानं बाईच्या हातातलं सूत काढून घेतलं होतं. काही पिढ्यांनी, यंत्राच्या शहरातच, तिच्या हातात असं काम आलं की ज्याला यंत्र लागत नाही. एक सूप, एक कात्री, एक पत्रा. बिडी घरात वळली जाते म्हणून शेडचा खर्च नाही, विजेचं बिल नाही, देखरेख नाही. कारखान्यात माल तपासताना ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची मजुरी मिळत नाही. 1966 चा बिडी कामगारांचा कायदा आणि 1976 चा कल्याण निधी, हे हक्क बायकांनी मोर्चे काढून पदरात पाडून घेतले. त्याच बळावर कुंभारीजवळ कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. माजी आमदार नरसय्या आडम यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि 2006 मध्ये घरांचा ताबा मिळाला. तंबाखू आरोग्याला घातक आहे आणि बिडीचे दिवस सरत आले आहेत, हे त्या बायकांनाही ठाऊक आहे. त्यांचा प्रश्न साधा आहे. हे गेल्यावर काय? चरखा गेला तेव्हा हा प्रश्न विचारायला कुणी त्यांच्या दारी गेलं नव्हतं. या वेळी तरी वेळेत जायला हवं.

सोलापूरच्या दीडशे वर्षांतून मी एवढंच शिकलो. यंत्र श्रम वाचवतं यात शंका नाही. वाचलेले श्रम कुणाला मिळणार, हे मात्र यंत्रात लिहिलेलं नसतं. रविवारची सुटी, आठ तासांची पाळी, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, कुंभारीची घरं, यातलं काहीही कुठल्या यंत्रातून निघालं नाही. माणसांनी ते एकत्र येऊन मिळवलं. आणि जिथं माणसं विखुरलेली राहिली, घराघरांत, उंबऱ्याउंबऱ्याशी, तिथं त्यांना ते सर्वांत उशिरा मिळालं. धोटा नसलेले नवे माग आज शेडमध्ये येत आहेत, आणि पुण्यातल्या संगणकावरची कामंही उद्या नवं यंत्र करू लागेल अशी चर्चा आहे. अशा वेळी हा अनुभव आपल्याजवळ असावा, म्हणून हे पुस्तक.

पुढच्या प्रकरणांचा क्रम काळाचा आहे, पण वाचकानं हवं तिथून वाचावं. धनंजयराव गाडगीळ आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं सोलापूर शहराची केलेली पाहणी 1965 मध्ये प्रसिद्ध झाली. माझ्यासारख्या कुणालाही तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. आकड्यांच्या बाबतीत मी त्या वाटेनं गेलो. घरांच्या बाबतीत ज्यांनी दार उघडलं, चहा दिला आणि रात्री पाळी संपवून आल्यावरही बोलत बसले, त्यांचा मी ऋणी आहे.

एक विनंती करून थांबतो. सोलापूरच्या घराघरांत, पोटमाळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या मागे अजून गिरणीचे बिल्ले आहेत, पगाराच्या चिठ्ठ्या आहेत, संपाची हस्तपत्रकं आहेत, मोडीत निघालेल्या मागाच्या जेकार्ड पट्ट्यांचे गठ्ठे आहेत, बिडीची जुनी कार्डं आहेत. घर आवरताना ती भंगारवाल्याला देऊ नका. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा आणि ते काय सांगतात ते लिहून काढा. मग ती जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. या पुस्तकात जे राहून गेलं आहे, ते तुमच्या ट्रंकेत आहे.